नाकपट्टीवाले सर

खोली भाड्यानं देण्याआधी घरमालक काय काय विचारतात, ते त्या दिवसापर्यंत मला पाठ झालं होतं. आडनाव काय, खाणंपिणं कसं, पाहुणे किती येतील, संध्याकाळी किती वाजता परतणार. बाबा आणि मी सकाळपासून वर्ध्यात तेवढीच उत्तरं देत फिरत होतो. या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. अंगात निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, आणि नाकावर आडवी चिकटवलेली कातडीच्या रंगाची एक पट्टी. आम्हाला वाटलं, पडलेबिडले असतील.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तोंड मिट."

मी मिटलं.

"आता नाकानं जोरात श्वास घे."

घेतला.

"आता सोताच्या बोटानं सोताचा गाल बाजूले ओढ. नाकाजवळचा, नाकाजवळचा! हां. आता घे. काई फरक वाटते का?"

फरक होता. डावीकडून एकदम गार हवा आत शिरली, माठातल्या पाण्यासारखी. मी तसं सांगितलं.

"डावी बाजू कमजोर हाये," ते म्हणाले आणि घराकडे तोंड करून ओरडले, "आयकलं का वो? पोट्टी खरं बोलते. खोली देऊन टाक."

मग बाबांकडे वळले. "तुमी बी करा, भाऊ."

आमचे बाबा देवळीकडचे कास्तकार. गावात त्यांच्यासमोर कोणी आवाज चढवत नाही. ते अनोळखी अंगणात स्वतःचा गाल धरून उभे राहिले. उजवा झाला, डावा झाला. शेवटी म्हणाले, "मले तं काईच फरक नाई वाटून राह्यला."

"मंग तुमचं नाक नंबरी हाये. बसा. चहा घ्या."

परत जाताना बस स्टँडवर गाडी लागली तेव्हा बाबा म्हणाले, "माणूस येडा हाये. पण पोरीच्या अंगाले हात नाई लावला त्यानं. तुह्या हातानं ओढ म्हणे. राह्य इथंच."

अशी मी त्यांच्या घरी राहायला गेले आणि कॉलेज संपून नोकरी लागली तरी तिथंच राहिले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, न विचारता सांगते. आमच्या घरमालकांना, म्हणजे सरांनाही, ते फार आवडायचं. कोणी पाहुणा आला की ते माझी ओळख "आमची भाडेकरू" अशी कधीच करून देत नसत. "ही पहिली हाये" एवढंच म्हणायचे. पाहुणा कशात पहिली म्हणून विचारायचा, तेव्हा म्हणायचे, "तिलेच विचारा. तिले लाज नाई सांगाची."

सर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना ते पहाटे मैदानावर पळवायचे. फी नाही, पावती नाही. अट एकच, येताना नाक साफ करून यायचं.

नाकाचं हे वेड त्यांना तरुणपणीच लागलं असणार, कारण नाक तेव्हाच मोडलं होतं. कबड्डीत पकड करताना चढाईवाल्याचा गुडघा लागला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं, आणि खालचा मऊ भाग एका बाजूनं बसला तो बसलाच. पुढं वर्षानुवर्षं एकाच नाकपुडीवर त्यांनी नोकरी केली, लग्न केलं, पोरं पळवली. मग फौजेत गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सुट्टीवर येताना या पट्ट्यांचं पाकीट आणून दिलं. पट्टी लावली त्या दिवसाची गोष्ट सरांच्या बायको, म्हणजे काकू, सांगायच्या. सर जेवायला बसले, कढीची वाटी तोंडाजवळ नेली आणि थांबले.

"तू कढीत हिंग टाकून राह्यली का?"

काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून टाकून राह्यली, बाप्पा. तुमाले आज समजलं?"

त्या दिवशी सर घरभर वास घेत फिरले म्हणे. तुरीच्या कोठीत डोकं घातलं, साबण हुंगला, ओल्या गोणपाटाचा वास घेतला. गोठ्यात गेले आणि लगेच बाहेर आले. तेव्हापासून पट्टी नाकावर बसली, ती आंघोळीपुरतीच उतरायची.

खरं तर पाकिटावर लिहिलेलं असायचं की ती झोपताना लावायची. सर म्हणायचे, "मी काय रात्रीच श्वास घेतो का?"

लग्नाकार्यात मोठी गंमत व्हायची. मांडवात प्रत्येक जण विचारायचा, "काय लागलं गुरुजी?" सर प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचे. एकाला म्हणाले, बायकोनं लाटणं मारलं. दुसऱ्याला म्हणाले, नाक विकायचं आहे, कव्हर काढलं नाही अजून. पण एखाद्यानं खरोखर जाणून घ्यायला विचारलं, तर त्याची खैर नसे. पंगत उठून दुसरी बसली तरी तो तिथंच नाकपुडी दाबत उभा असायचा.

शिकवायची त्यांची पद्धत मला आजही उपयोगी पडते. रसवंतीवर जायचे, उसाचा रस मागवायचे आणि नळी तोंडात धरून ती मध्ये दोन बोटांत किंचित चिमटायचे. "हे पाह्य. हळू ओढलं तं रस येते. जोरात ओढलं तं नळीच्या भिंती एकमेकीले चिकटते, काईच येत नाई. आता माणूस काय करते? आणखी जोरात ओढते. आणखीच चिकटते. नाकाचं बी असंच हाये. वर हाड हाये, ते हालत नाई. हाडाच्या खाली कानाच्या पाळीसारखं मऊ हाये, आणि सगळ्यात अरुंद जागा तिथंच. पट्टी काय करते? अंदर तिच्या चिवट प्लास्टिकच्या दोन काड्या हाये. नाकावर वाकवून चिकटवल्या का त्याईले सरळ व्हावंसं वाटते. बांबूची कामटी वाकवली का कशी उसळते, तशी. सरळ होता होता दोन्हीकून भिंती बाहेर ओढते. बस. दवा नाई, दारू नाई, निव्वळ ताण."

"मंग सर्दीत बी चालन का?" कोणीतरी विचारायचं.

"थोडी मदत करन. पण सर्दीत अंदरची कातडीच सुजते. दरवाजा उघडला म्हणून घरातलं सामान कमी होते का, लेका?"

अशी उत्तरं त्यांच्या खिशातच असायची. कोणी तोंड उघडं टाकून पळायला लागला की मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून आवाज यायचा, "तोंड भाकरीसाठी हाये! पह्यला चक्कर नाकानं!" दुसऱ्या चकरीला तोंड उघडलं तरी चालायचं. जोरात पळताना नाक पुरत नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि तेही ते लपवत नसत.

पट्टी लावण्यात पोरं एक चूक हमखास करायची. ती आमच्याकडचीच पोरं करू जाणोत. थंडीत पहाटे घरून निघताना आई तोंडाला खोबरेल चोपडून पाठवते. न चोपडता पोरगं बाहेर गेलं तर शेजारीण म्हणेल, याला माय नाही का. पोरं चकचकीत तोंडानं यायची, सर पट्ट्या वाटायचे, पोरं लावायची आणि पहिल्या वळणावर सगळ्यांच्या पट्ट्या मिशीवर. एकदा सर आम्हाला पळवत पवनारच्या बाजूला घेऊन गेले. तिथं धाम नदीच्या काठावर त्यांनी सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि साबणाच्या वड्या हातात दिल्या. "फक्त नाक. बाकीचं तेल राहू द्या, माय रागवन." पंचवीस-तीस पोरंपोरी थंडीत कुडकुडत काठावर बसून नुसती नाकं घासताहेत, हे पाहून एक म्हातारी थांबली. हात जोडून म्हणाली, "कोन्या देवाचं हाये बापा हे?"

सर गंभीरपणे म्हणाले, "श्वासाचं हाये, माय."

म्हातारीनं नदीत बोट बुडवून स्वतःच्या नाकाला लावलं आणि नमस्कार करून गेली.

माझी अडचण वेगळी होती. मी भरतीवाली नव्हते, पण त्यांच्यासोबत पळायचे. माझ्या नाकात चमकी. पट्टीचं टोक नेमकं तिच्यावर यायचं. सरांनी ते पाहिलं आणि चमकी काढ असं काही म्हणाले नाहीत. कैची आणली, पट्टीच्या टोकाला चमकीएवढा घास घेतला आणि म्हणाले, "दागिना बी राहीन, हवा बी येईन." नंतर मैदानावरच्या सगळ्या मुली तशाच कापलेल्या पट्ट्या लावायला लागल्या.

पण सरांना मी मोठं मानलं ते या हुशारीसाठी नाही, घड्याळाच्या दिवसासाठी. मैदानावर हळूहळू अशी हवा झाली की पट्टी लावली की भरती पक्की. सेलूचा एक पोरगा तर एकावर एक दोन पट्ट्या लावून आला. सरांनी त्याला काही म्हटलं नाही. त्यांनी काय केलं, सगळ्यांना एक दिवस पट्टी लावून पळवलं आणि एक दिवस न लावता. असं बरेच दिवस. प्रत्येकाची वेळ स्वतः घड्याळावर पाहिली. मग सगळ्यांना खाली बसवून म्हणाले, "घड्याळ काई मानून राह्यलं नाई. वाटते मस्त, हवा मोकळी वाटते, पण वेळ तेवढाच लागते. पट्टी तुमचं नाक उघडते, तुमचे पाय पळवत नाई. ज्याले मोकळं वाटते त्यानं लावा. ज्यानं भरतीसाठी लावली त्यानं काढा."

स्वतःच्या नाकावर पट्टी असताना ते हे म्हणाले. आवडत्या गोष्टीवर घड्याळ लावायची हिंमत मी फार कमी माणसांत पाहिली आहे. शिकलेल्यांत तर आणखी कमी.

आणि अशा माणसाला एका बाबतीत मात्र घड्याळ नको होतं.

सर कुठंही झोपायचे. न्हाव्याच्या खुर्चीत झोपायचे, बँकेच्या रांगेत बाकावर झोपायचे, चहाचा कप हातात धरून झोपायचे आणि कप सांडत नसे. बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं, हनुवटी छातीला लागायची, थोड्या वेळानं डोळे उघडून ते पुढच्या शब्दापासून बोलायला लागायचे. गावाला याचं कौतुक होतं. त्यांनाही होतं. "मन साफ असलं का झोप कुठं बी येते," ते म्हणायचे. मीसुद्धा तो त्यांचा एक छंदच समजत होते.

बीएस्सी झाल्यावर मी तंत्रज्ञाचा कोर्स केला आणि वर्ध्याच्याच एका मोठ्या दवाखान्यात झोपेच्या तपासणीच्या विभागात लागले. माणसाच्या अंगाला तारा लावायच्या, तो झोपेत श्वास कसा घेतो ते यंत्रावर पाहायचं, हे माझं काम. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "लोकं झोपते आणि तुले पगार भेटते?" म्हटलं, हो, शिकल्यावर भेटतो.

एक दिवस काकू गोळाभाताचा डबा घेऊन माझ्या खोलीत आल्या. डबा ठेवला, पण गेल्या नाहीत.

"तुले एक विचारू का वो? तू झोपेचंच काम करतं म्हणून."

"विचारा ना."

"आधी हे घोरत होते. असे घोरत होते का रस्त्यावरचं कुत्रं भुंकत होतं. मले सवय होती. आवाज चालू हाये म्हणजे माणूस चालू हाये, असं समजून मी झोपत होती. पट्टी आली आणि आवाज निम्मा झाला. मी खूश. पण आता मधातच सगळं चूप होते. आवाज नाई, श्वास नाई. मी उठून बसतो. छातीवर हात ठेवतो. हालवतो. मंग एकदम असा दचका घेते, जसा विहिरीतून वर आला माणूस. आवाज होता तवा बरं होतं, बाई. आता माहीच झोप गेली."

मी रोज जे यंत्रावर पाहत होते, ते काकू हातानं पाहत होत्या. चहाच्या कपावरची झोप, न्हाव्याच्या खुर्चीतली झोप, सगळं मला एका क्षणात कळलं. मी त्याच संध्याकाळी सरांना काकूंचं म्हणणं सांगितलं आणि म्हटलं, तपासणी करा.

ते हसले. "नाक बंद असतं तं केली असती. माह्यं नाक तं आता गावात सगळ्यात उघडं हाये."

"सर, नाक नाही, घसा. झोपेत घसा मागून मिटतो."

"तू मले श्वास शिकवतं का?"

"हो," मी म्हटलं. "शिकवतो. त्यासाठीच शिकली."

त्यांना राग आला नाही. पण ऐकलंही नाही.

त्यानंतरच्या रविवारी ते पोरांना पुलगावला एका खुल्या शर्यतीसाठी घेऊन निघाले. त्यांची जुनी व्हॅन होती, तिच्यात ते पोरं भरायचे आणि स्वतः चालवायचे. मला देवळीला उतरायचं होतं, म्हणून मी पुढं त्यांच्या शेजारी बसले. सकाळचं लख्ख ऊन होतं. सर भरतीत उंची कशी मोजतात ते सांगत होते. सांगता सांगता म्हणाले, "आणि टाच जर का..."

पुढचं वाक्य आलं नाही. मी वळून पाहिलं तर हनुवटी छातीवर. गाडी सरळ चालली होती आणि पुढं रस्ता वळत होता.

"सर!" मी ओरडले आणि स्टिअरिंग ओढलं. सर दचकून जागे झाले, ब्रेक दाबला. व्हॅन रस्ता सोडून खाली उतरली आणि सोयाबीनच्या वावरात जाऊन उभी राहिली. कोणाला काही लागलं नाही. इंजिन बंद पडलं.

सर समोर पाहत म्हणाले, "गाय आली होती."

मग मागून एक आवाज आला, "हो सर. गाय होती."

"एकदम मधात आली," दुसरा म्हणाला.

"पांढरी होती," सेलूवाला म्हणाला.

पोरं बावळट नव्हती. सगळ्यांनी पाहिलं होतं. पण आमच्याकडे गुरुजींच्या तोंडून गाय निघाली की विद्यार्थी तिला रंग देतो, शिंगं देतो, वेळ पडली तर तिचं दूधही काढून आणतो. त्याला आम्ही आदर म्हणतो. मी मागं वळून त्या सगळ्यांची तोंडं पाहिली. सरळ होती पोरं. कोणाच्या घरी एकुलता एक होता, कोणी बहिणीच्या लग्नाआधी वर्दी घालणार होता. ही गाय आज ठरून गेली तर पुढच्या रविवारी हीच पोरं याच गाडीत, याच सरांच्या मागं बसणार होती, आणि मी पुढं नसणार होते.

"गाय नव्हती," मी म्हटलं. "सर, तुम्ही झोपला होता."

व्हॅनमध्ये जणू मी शिवी दिली. मागून कोणीतरी "ताई!" म्हणालं.

सरांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली नाही. पुन्हा फिरवली. मग त्यांनी हात खाली ठेवले. "उतर," ते मला म्हणाले, "तुह्यं गाव आलं." माझं गाव अजून लांब होतं. मी उतरले नाही. पोरांनी ढकलून गाडी रस्त्यावर आणली. मी सांगितलं की चालक मिळेपर्यंत मी चावी देणार नाही, आणि चावी काढून ओढणीच्या गाठीत बांधली. शेवटी देवळीहून माझा चुलतभाऊ मोटारसायकलवर आला, त्यानं व्हॅन सुरू करून पुलगावला नेली. सर मागच्या सीटवर पोरांमध्ये बसले होते.

नंतरचे काही दिवस आमच्या घरात भांडीसुद्धा जपून, आवाज न करता ठेवली जायची. सर अंगणात, मी खोलीत. काकू मधल्या दारात. पुढचा रविवार जवळ येत होता. चावी मी काकूंकडे दिली होती आणि सर ती मागत होते.

शनिवारी मी अंगणात त्यांच्या समोर खुर्ची टाकून बसले. रडायचं नाही आणि विनवणीही करायची नाही, असं ठरवून बसले होते.

"सर, पट्टीचा तपास अर्धाच झाला आहे."

त्यांनी मान वर केली.

"पळताना पट्टी किती कामाची, ते तुम्ही घड्याळावर पाहिलं. झोपेत किती कामाची, ते कोणी पाहिलं? तुम्ही नाही पाहिलं. तुम्ही झोपलेले होता."

"आवाज कमी झाला ना. हिलेच विचार."

"आवाज कमी होणं म्हणजे श्वास चालू असणं का? पट्टी लावून झोपा आमच्याकडे. काढायला सांगतच नाही मी. तिचीच परीक्षा आहे. पास झाली तर उद्या गाडी तुम्ही चालवा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

सर बराच वेळ शिट्टीशी खेळत राहिले. मग आत पाहून म्हणाले, "आयकलं का वो? माह्या ट्रॅकसूटचा जोड काढ. परीक्षेले जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तारा काढल्यावर मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. अर्थ काढणं डॉक्टरांचं काम, मला ते माहीत आहे. डॉक्टर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, तूच दाखव, तुझे सर आहेत. मी बोट ठेवलं. "हा छातीचा पट्टा. हा पोटाचा. पाहा, दोन्ही ओढताहेत. जोरात ओढताहेत. आणि ही नाकाशी हवा."

नाकाशी हवेची रेघ सपाट होती.

सर पुढं वाकले. "पट्टी होती ना?"

"होती."

"नाक उघडं होतं?"

"उघडं होतं."

"मंग छाती ओढून राह्यली तं हवा काऊन नाई आली?"

त्यांच्यासारख्या माणसाला उत्तर दिलेलं चालत नाही, उत्तर सापडावं लागतं. ते सपाट रेघेवरून बोट नेत राहिले, ती संपून हवा उसळली तिथं थांबले, पुढच्या सपाट रेघेवर गेले. तशा पुष्कळ होत्या.

"फाटक उघडं," ते हळूच म्हणाले, "आणि अंदरची गल्ली बंद."

"हो सर. घसा. पट्टी तिथपर्यंत पोचतच नाही. तिनं आवाज कमी केला, श्वास नाही आणला."

"म्हणजे ही बरोबर सांगत होती." काकू दाराशी डबा घेऊन उभ्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "रोज उठून बसत होती का तू?"

"मंग काय तुमच्या मोकळ्या नाकाची आरती करत होती?" काकू म्हणाल्या आणि डबा टेबलावर आपटला.

डॉक्टरांनी यंत्र दिलं. त्याचा मुखवटा नाकावर बांधून झोपायचं, ते हवा आत ढकलत राहतं आणि घसा मिटू देत नाही. मी म्हटलं, आतून हवेचा टेकू. टेकू हा शब्द सरांना पटला. पट्टी लावू का, त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाकाला बरं वाटत असेल तर लावा, पण तिला उपचार समजू नका. आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही, असंही त्यांनी बजावलं.

सोमवारी पहाटे सर मैदानावर गेले. पोरं ओळीत उभी होती. सरांनी शिट्टी वाजवली नाही.

"त्या दिवशी गाय नव्हती," ते म्हणाले. "मी झोपलो होतो."

पोरं खाली पाहायला लागली. सेलूवाल्याला राहवलं नाही. "सर, पण मले दिसली होती."

"चूप बस. तुले पोलीस व्हाचं हाये ना? उद्या साहेब म्हणन गाय होती, तू पंचनाम्यात तिचा रंग लिहिशीन?" मग त्यांचा आवाज खाली आला. "माह्यासाठी खोटं बोलले तुमी. माह्याच गाडीत मेले असते. पुन्हा कोणा गुरुजीसाठी असं करजो नोका. माह्यासाठी तं मुळीच नोका."

त्यांनी मला बोलावलं नाही, माझं नाव घेतलं नाही. मला ते नकोच होतं.

महिना-दीड महिन्यानं पुलगावला पुन्हा शर्यत होती. चालक ऐनवेळी आला नाही. सर अंगणात येरझारा घालत होते आणि चावीकडे पाहत नव्हते. तेव्हा काकूंनी पदर खोचला, चपला काढून पायदानाखाली सारल्या आणि स्टिअरिंगमागं जाऊन बसल्या. आर्वीला माहेरी त्या ट्रॅक्टर चालवायच्या, हे मला त्या दिवशी समजलं. पोरांना तर वाटलं, आज धावायच्या आधीच गाडी ढकलून दमछाक होणार.

काकूंनी गाडी अशी नेली की पाण्याचा भरलेला हंडाही हिंदकळला नसता. सर शेजारी बसले, देवळीला जायचं म्हणून मी मागं पोरांमध्ये. गेले कित्येक आठवडे ते यंत्र लावून झोपत होते, चहा संपेपर्यंत जागे राहत होते आणि न्हावी तक्रार करत होता की आता सर खुर्चीत गप्पच बसत नाहीत. गाडी सुरू झाली तशी त्यांचीही सुरू झाली. "खड्डा हाये. डावीकून घे. आता गियर बदल. मागं ट्रक हाये, आरशात पाह्य. पुढं शाळा हाये." देवळी आली, गेली. मी उतरलेच नाही, मला पुढचं पाहायचं होतं. सर बोलतच होते. भाजीच्या हातगाडीबद्दल सूचना झाली, सायकलवाल्याबद्दल झाली, ज्या बकरीनं रस्त्याकडे पाहिलंही नव्हतं तिच्याबद्दल झाली.

पुलगाव दिसायला लागलं तेव्हा काकूंनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"तुमी झोपत होते तवाच बरं होतं."

मागं सगळी व्हॅन हसली. सरही हसले. पण झोपले नाहीत. त्यांना झोपच येत नव्हती.